धागा: शिकारीचं मांस वाहून आणायला घरी शिवलेल्या हलक्या पिशव्या

दगडफूल (कोलोरॅडो)

मंडळी, जुलै संपत आला. इथे सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाने एल्कची शिकार करायचा हंगाम असतो. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण. पूर्ण वाढलेला नर सव्वातीनशे किलोपर्यंत भरतो आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त एल्क आमच्याच राज्यात आहेत. मी दरवर्षी फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांत जातो. तिथलं पठार दहा हजार फुटांच्या वर, म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक. गाडी लावतो तिथून पाच-सहा किलोमीटर आत चालत जायचं आणि जनावर मिळालं तर सगळं मांस पाठीवरून बाहेर आणायचं. हाडं काढल्यावरही नराचं ऐंशी-नव्वद किलो मांस निघतं. दोघांना तीन-तीन खेपा.

विषय आहे ते मांस ज्या कापडी पिशव्यांत भरतात त्यांचा. बाजारात तयार मिळतात, पण चांगल्या असतात त्या महाग आणि स्वस्त असतात त्या विरळ जाळीच्या, एका हंगामात फाटणाऱ्या. जाड सुती घेतल्या तर सहा पिशव्यांचंच ओझं किलोच्या वर जातं. म्हणून यंदा सगळा संच घरी शिवायचा ठरवलाय. आईचं शिलाई मशीन बघत मोठा झालोय, पण स्वतः पडद्यांपलीकडे काही शिवलेलं नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

हे माझ्यासाठी इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. पहिल्या वर्षी मला मादी मिळाली. दुपारी तीनची वेळ, ऊन होतं. पिशव्या वजनाला नकोत म्हणून मी गाडीतच ठेवल्या होत्या आणि सोबत होत्या कचऱ्याच्या काळ्या प्लास्टिक पिशव्या. मागच्या दोन्ही मांड्या त्यांत घालून सावलीत ठेवल्या. रात्री थंडी पडली, वाटलं काम झालं. सकाळी पिशवी उघडली तर आतून वाफ आली. मांस बाहेरून ओलं, चिकट, आणि खुब्याच्या सांध्याशी सुरी घातल्यावर आंबूस वास. हाडालगतचं आठ-नऊ किलो मांस टाकून द्यावं लागलं. जनावर आपण मारलंय आणि त्याचं मांस आपल्या हलगर्जीने नासलंय, हे मला आजही बोचतं. इथला कायदाही चारही पाय आणि पाठीचं मांस बाहेर आणायलाच लावतो, पण कायदा नसता तरी वाटलं असतं तेच वाटलं असतं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. कातडं काढलं की पुढचे दोन दिवस ती पिशवीच त्या मांसाचं कातडं असते. माशी आत येता कामा नये, माती लागता कामा नये, पण वाफ आणि उष्णता बाहेर गेलीच पाहिजे. आणि ती इतकी हलकी हवी की गाडीत ठेवून जायचा मोह होऊ नये.

---

आडवाट (पुणे)

विषय अगदीच वेगळा आहे. मी शाकाहारी, त्यामुळे वाचताना थोडं जड गेलं, पण मांस वाया गेल्याची खंत मनापासून लिहिली आहे म्हणून शेवटपर्यंत वाचलं. एक शंका. शिकार म्हटलं की आपल्याला गुन्हाच आठवतो. तिकडे ती सर्रास चालते का?

---

दगडफूल

आडवाट, शंका रास्त आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि माझ्या मते ती योग्यच आहे. आपल्याकडे जंगल किती उरलंय आणि जनावरं किती, ते आपण जाणतो. इथली गोष्ट वेगळी. राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी प्रत्येक विभागातली संख्या बघून किती नर, किती माद्या मारायच्या ते ठरवतं आणि त्या हिशोबाने परवाने काढतं. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. त्या प्रशिक्षणात बाण कुठे मारावा यासोबत नंतर मांसाची काळजी कशी घ्यावी हेही शिकवतात. आमच्या घरी वर्षभर बाहेरून दुसरं लाल मांस येत नाही.

---

मांजरपाट (डोंबिवली)

दगडफूलदादा, शिकारीतलं मला काडीचंही कळत नाही, पण गेली बावीस वर्षं मी शिवण शिकवते. त्यामुळे कापडाबद्दल बोलते.

तुम्ही लिहिलंय ते वाचून मला चक्का बांधायचा पंचा आठवला. दही बांधतो तेव्हा कापडाने पाणी सोडायला हवं, दही धरून ठेवायला हवं आणि वर टांगल्यावर त्याने ताण सहन करायला हवा. तुमची गरज तीच, फक्त वजन मोठं आणि माशा जास्त. पण सुती कापड तुम्हाला नको. माझं टोपणनाव मांजरपाट असलं तरी सांगते, सूत ओलं झालं की ते पाणी धरून बसतं, जड होतं आणि लवकर वाळत नाही. मलमल हलकी आहे, पण तीस किलोला टिकणार नाही.

तिकडे चौकटीच्या विणीचं नायलॉन मिळतं ना? ज्यात दर काही मिलिमीटरवर एक जाड धागा असतो म्हणजे फाटलं तरी चीर पुढे सरकत नाही. तंबूला वापरतात ते. त्यातलं लेप न दिलेलं घ्या, हे फार महत्त्वाचं. छत्रीचं किंवा रेनकोटचं कापड हाताला तसंच लागतं पण त्याला आतून लेप असतो. ओळखायची सोपी रीत: कापड तोंडाला घट्ट लावून फुंकर मारा. पलीकडे ठेवलेल्या तळहाताला हवा लागली तर घ्या, गाल फुगले तर परत ठेवा.

आता मापं सांगा. सगळ्यात मोठा तुकडा केवढा?

---

दगडफूल

मांजरपाटताई, पंचाची उपमा अगदी चपखल! फुंकरीची युक्ती आजच करून बघितली. माझ्याकडे दोन नमुने होते, एक नापास झाला.

नराची मागची मांडी हाडासकट साधारण ३० किलो, लांबी साडेतीन फुटांच्या आसपास. पुढचा फरा २० किलोपर्यंत. पाठीच्या दोन लांब पट्ट्या, आतली पट्टी, मानेचं मांस आणि बारीकसारीक तुकडे हे सगळं हाडाविना, त्यासाठी छोट्या पिशव्या. मी चार मोठ्या आणि दोन छोट्या धरतोय. मोठी तयार २२ गुणिले ४४ इंच, छोटी १६ गुणिले २४.

---

मांजरपाट

छान. मग असं करा.

तळाला जोड ठेवूच नका. सगळं वजन तळावर येणार आणि तिथेच शिवण असली तर पहिली ती उसवणार. २४ इंच रुंद आणि ९२ इंच लांब अशी पट्टी कापा, मधोमध दुमडा. घडी हा तळ झाला. आता फक्त दोन बाजूंच्या शिवणी आणि वर नेफा. ६० इंच पन्ह्याच्या कापडात दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसतात. छोटीला १७ गुणिले ५२ ची पट्टी. म्हणजे ६ मीटर कापडात चार मोठ्या, दोन छोट्या आणि वर एक छोटी जास्तीची निघेल.

बाजूची शिवण साधी मारून सोडू नका. आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर एक टीप. कडा छाटा. पिशवी पालटा, शिवण बोटाने नीट बाहेर काढा आणि तिच्या आत कच्ची कड बंद होईल अशी दुसरी टीप मारा. बाळाच्या झबल्याला अशी शिवण घालतो, त्याला टोचू नये म्हणून. तुमच्याकडे तिचा उपयोग हा की नायलॉनचे सुटे तंतू मांसाला चिकटणार नाहीत.

टाका फार बारीक नको. माझ्या विद्यार्थिनी मजबुतीसाठी टाका बारीक करतात आणि तिथेच चूक होते. पातळ नायलॉनला सुईची भोकं जवळजवळ पडली की पोस्टाच्या तिकिटांसारखं ते त्या रेषेवर सरळ फाटतं. तीन मिलिमीटर ठेवा. सुई नवी आणि बारीक. दोरा पॉलिस्टरचा, सुती नाही. टाचण्या लावू नका, कापड घसरतं आणि भोक राहतं. कागदाच्या क्लिपा लावा.

---

दगडफूल

ताई, हे सगळं छापून मशीनजवळ चिकटवलंय.

वजनाचा हिशोब केला. मी घेतोय ते कापड चौरस मीटरला ३७ ग्रॅम आहे. मोठ्या पिशवीला साधारण १.४ चौरस मीटर लागतं, म्हणजे नाडी आणि लॉकसकट ६० ग्रॅम. छोटी २५ ग्रॅम. सहा पिशव्या मिळून २९० ग्रॅम! मांजरपाटाच्या असत्या तर त्याच मापात किलोच्या वर गेल्या असत्या. घडी घातल्यावर सगळा संच एका तांब्यात मावेल.

---

पेट्रीबशी (विस्कॉन्सिन)

मी सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते आणि नवरा शिकारीला जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते.

दगडफूल, तुमच्या मांडीचं नेमकं काय झालं ते सांगते. जिवंत एल्कचं शरीर ३८-३९ अंशांवर असतं. मांडी हा सगळ्यात जाड तुकडा आणि त्याच्या गाभ्यात हाड. बाहेरून रात्रीची थंडी लागली तरी खुब्याजवळची उष्णता बाहेर यायला कित्येक तास लागतात आणि तेवढा वेळ जिवाणूंना पुरतो. प्लास्टिकने दोन अपाय केले, उष्णता कोंडली आणि ओल कोंडली. पिशवी कितीही उत्तम असली तरी ऊन असेल तर जागेवरच मांडीच्या आतल्या बाजूने हाडापर्यंत लांब चीर द्या, किंवा हाडच काढून टाका. सांधा उघडा पडला की तो झटपट गार होतो. ४ अंशांच्या खाली नेणं हे ध्येय.

दुसरं, पृष्ठभाग वाळू द्या. वारा लागला की काही तासांत मांसावर गडद, कागदासारखा कोरडा पापुद्रा येतो. ओल नसेल तिथे जिवाणू वाढत नाहीत आणि माशीही अंडी घालायला ओलसर जागाच शोधते. म्हणून मांस लगेच पिशवीत कोंबू नका. माशा नसतील तर अर्धा तास सावलीत उघडं टांगा, मग पिशवी चढवा.

विरळ जाळीबद्दल: निळी-हिरवी चमकणारी माशी कापडावर बसूनही अंडी घालते. कापड मांसाला चिकटलेलं आणि वीण विरळ असेल तर बाहेर आलेली बारीक अळी सरळ आत सरकते. उष्ण हवेत अंडी दिवसाभरात फुटतात. त्यामुळे ताईंनी सुचवलेली घट्ट वीणच बरी.

---

तळ्याकाठी (नॉर्वे)

इथे ओस्लोच्या उत्तरेला मूस, म्हणजे एल्कहूनही मोठं हरीण, मारतात. आमची पद्धत वेगळी आहे. गट मोठा असतो, जनावर बहुतेकदा वाहनाने ओढून आणतात आणि थंड खोलीत टांगतात. मांस मुरवायचं इथलं एक जुनं माप आहे, चाळीस दिवस-अंश. रोजचं सरासरी तापमान मिळवत जायचं आणि बेरीज चाळीस झाली की कापायचं. चार अंशांवर दहा दिवस, पाच अंशांवर आठ दिवस. माझ्या सासऱ्यांच्या खोलीत भिंतीवर पेन्सिलने ही बेरीज लिहिलेली असते. दगडफूल, तुम्ही घरी आणल्यावर किती मुरवता?

---

दगडफूल

पेट्रीबशी, हाडापर्यंत चीर द्यायची हे मला कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर! आता दरवेळी हेच करतो.

तळ्याकाठी, चाळीसचं माप फार आवडलं. मी गॅरेजमधल्या जुन्या फ्रीजमध्ये ३ अंशांवर आठवडाभर ठेवतो, म्हणजे तुमच्या हिशोबाने एकवीसच भरतात. यंदा थोडं वाढवून बघेन.

---

नवखा_७७ (टेक्सास)

दादा, मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मला शिकारीला जाता येईल का? बंदुकीचं ऐकून भीती वाटते.

---

दगडफूल

धनुष्यबाण बंदुकीच्या केंद्रीय कायद्यात येत नाही, मी स्वतः तसाच सुरू केला. बंदुकीबाबत केंद्रीय कायदा असा आहे की कामाच्या व्हिसावरच्या माणसाला ती सहसा बाळगता येत नाही, पण वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. राज्यांचे नियम आणखी वेगळे. व्हिसाचा प्रश्न आहे, त्यामुळे पाऊल टाकायच्या आधी वकिलाला विचारा, इथल्या आम्हा लोकांच्या भरवशावर राहू नका.

---

पेट्रीबशी

नवख्यांसाठी आणखी एक. हरणांमध्ये मेंदूचा एक असाध्य रोग आहे, हळूहळू खंगवत नेणारा. तो पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्याच एका संशोधन केंद्रात दिसला. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावर खाऊ नये असा सल्ला आहे आणि शिजवून तो जात नाही. डोकं तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवा. मेंदू, मणका, लसिका ग्रंथी पिशवीत येऊच देऊ नका. आणि प्रत्येक जनावरानंतर पिशव्या धुतल्याशिवाय दुसऱ्याला वापरू नका.

---

मांजरपाट

धुण्याचं मी सांगते. रक्त नेहमी थंड पाण्यात. गरम पाणी लागलं की डाग शिजून बसतो, मग काही केल्या निघत नाही. रात्रभर थंड पाण्यात बुडवून ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला, मग बिनवासाच्या पावडरीने धुवा. कपडे मऊ करायचं द्रव चुकूनही घालू नका, त्याचा थर बसतो आणि हवा अडते. वाळल्यावर पुन्हा फुंकरीची परीक्षा घ्या.

रंग कोणता घेतलात?

---

दगडफूल

पांढरा, ताई. पांढऱ्यावर घाण दिसते आणि रात्री डोक्यावरच्या बॅटरीत लांबून चमकतो. दुसऱ्या खेपेला अंधारात झाडाखालची पिशवी शोधायची वेळ येते, तेव्हा त्याची किंमत कळते. शिवाय प्रत्येकीच्या तोंडाशी नारिंगी कापडाची पट्टी लावतोय, पाठीवर पांढरी पिशवी घेऊन चालताना दुसऱ्या शिकाऱ्याचा गैरसमज नको.

टांगण्याबद्दल विचारायचं होतं. नेफ्याच्या नाडीवरच टांगलं तर?

---

मांजरपाट

नाही! नेफा तोंड आवळण्यासाठी असतो, वजन उचलण्यासाठी नाही. परकराची नाडी धरून कुणी बादली उचलत नाही. हाडाविनाच्या छोट्या पिशव्यांना तोंडाशी निवारीसारख्या पट्टीचा फास लावा. ती पट्टी पिशवीच्या बाजूने किमान चार इंच खाली नेऊन चौकोन आणि मधे फुली अशी टीप मारा, दप्तराच्या पट्ट्याला असते तशी. खाली कापडाचा दुसरा तुकडा अस्तर म्हणून द्या.

---

दगडफूल

समजलं. हाडासकट मांडीला प्रश्न नाही, तिथे घोट्याच्या शिरेमागून दोर ओवतो, वजन हाडावर येतं आणि पिशवी नुसती अंगरख्यासारखी वरून चढवतो. छोट्यांना तुमचा चौकोन-फुली.

---

दगडफूल (२८ सप्टेंबर)

मंडळी, परत आलो. नर मिळाला, सकाळी साडेसातला. उत्तर उतारावर, ओढ्याच्या वर.

पोट न उघडता कातडं काढून एकेक पाय सोडवत गेलो. माशा नऊ वाजताच आल्या, उन्हाच्या आधी. दोन्ही मांड्यांना हाडापर्यंत चीर दिली. पेट्रीबशींनी सांगितल्याप्रमाणे अर्धा तास उघडं ठेवणं जमलं नाही, माशा फार होत्या, लगेच पिशव्या चढवल्या. सूचिपर्णी झाडाच्या फांदीला सावलीत टांगलं. ओढ्याकडून वारा येत होता आणि कापडावर हात ठेवला तर आधी दमट, कोमट लागलं. तासाभराने तेच कापड कोरडं होतं. संध्याकाळी नाडी सोडून आत बोट फिरवलं तर पापुद्रा धरलेला, बोटाला काही लागलं नाही. कापडावर माशा बसल्या होत्या, आत एकही अंडं नाही.

दोघांनी तीन-तीन खेपांत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं बाहेर काढलं. मित्राकडे जुन्या सुती पिशव्या होत्या, त्यातल्या एकीत मानेचं मांस भरलं होतं. गाडीशी पोचलो तेव्हाही ती ओली आणि जड होती, शेजारची नायलॉनची कोरडी. घरी खुब्याच्या सांध्याशी नाक नेऊन बघितलं. ताज्या मांसाचा वास, दुसरा काही नाही. या वेळी टाकावं लागलं ते फक्त बाण लागलेल्या जागेचं, वाटीभर.

एक बिघाड झाला. एका मोठ्या पिशवीचा नेफा जिथे नाडी बाहेर येते तिथे दोन इंच उसवला. मांडी आत घालताना खूर अडकला होता आणि मी ओढलं. फोटो टाकतोय.

---

मांजरपाट

दादा, अभिनंदन. फोटो मोठा करून बघितला. कापड फाटलेलं नाही, टीप सुटली आहे, म्हणजे दुरुस्त होईल. नाडीच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना नुसती एकेरी टीप दिसते आहे. तिथे पाऊण इंचाची आडवी घट्ट झिगझॅग मारा, काज करतो तशी, आणि भोकाखाली आतून बोटभर पट्टी लावा. आणि पुढच्या संचाला पिशवीचं तोंड दोन इंच जास्त रुंद ठेवा, पट्टी २४ ऐवजी २६ ची कापा. खूर त्याच्या मापाने जाणार, ओढावं लागता कामा नये.

---

दगडफूल

ताई, आज संध्याकाळीच मशीन काढतो. २६ ची पट्टी लिहून ठेवली. ६० इंच पन्ह्यात तरीही दोन बसतात.